विद्येचा सत्कार आणि अमानित्व

विश्वविद्यालयाच्या पदवीदान समारंभात कला शाखेतील गुणवंतांची नावे पुकारली जातात, सुवर्णपदके आणि पारितोषिके त्यांच्या हाती दिली जातात, आणि इतिहास, तत्त्वज्ञान, संस्कृत, मराठी अशा विषयांत वर्षानुवर्षे राबलेल्या तरुण बुद्धीवर समाजाच्या मान्यतेची मोहोर उमटते, तेव्हा उपस्थितांची मने हर्षभरित व्हावीत हे स्वाभाविकच आहे; परंतु ज्या परंपरेत आपण वाढलो तिच्या दृष्टीने या समारंभाकडे पाहू लागताच एक गंभीर प्रश्न उभा राहतो. भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत अगदी पहिले स्थान अमानित्वाला आहे. आणि त्यावर भाष्य करताना ज्ञानेश्वरांनी अशा ज्ञानी पुरुषाचे चित्र रेखाटले आहे की ज्याला लोकांनी केलेल्या स्तुतीचा संकोच वाटतो, जो आपले थोरपण झाकून ठेवतो आणि जगाने आपल्याला वेडा समजावे यातच संतोष मानतो. ज्या ज्ञानाचे पहिलेच लक्षण मानाविषयीची अनिच्छा हे आहे, त्या ज्ञानाचा भरसभेत मान करणे धर्म्य म्हणता येईल काय?

या प्रश्नाला सामान्यतः दिले जाणारे उत्तर असे की, सत्काराने विद्यार्थ्यांना उत्तेजन मिळते. हे उत्तर असत्य नाही, पण ते फार उथळ आहे. पदकासाठी जो अभ्यास करतो त्याच्या दृष्टीने पदक हे साध्य आणि विद्या हे साधन ठरते, आणि पदक हाती येताच साधनाचे प्रयोजन संपते. व्यवहारोपयोगी विद्यांच्या बाबतीत ही हानी कदाचित सोसता येईल, कारण त्यांचा मोबदला बाजार देतो आणि त्या मोबदल्याच्या ओढीने का होईना, त्यांचा अभ्यास चालू राहतो. परंतु ज्या विद्या मनुष्य कशासाठी जगतो, त्याने काय सत्य मानावे आणि पूर्वजांनी काय भोगले याचा विचार करतात, त्या विद्यांचे सर्वस्वच त्यांच्यावरील निरपेक्ष प्रेमात असते. ते प्रेम आमिषाने उत्पन्न करू पाहणे म्हणजे ते मुळातच दूषित करणे होय. सत्काराचे समर्थन करावयाचे तर ते अधिक खोल भूमीवर उभे राहिले पाहिजे.

ती भूमी मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सापडते. त्या अध्यायात विद्यावंत ब्राह्मणाने सन्मानाविषयी विषाइतकीच सावधगिरी बाळगावी असा उपदेश आहे. आणि त्याच अध्यायात, त्याच्या थोडेसेच आधी, मनुष्याला मान्यता मिळवून देणाऱ्या वित्त, बंधू, वय, कर्म आणि विद्या या पाच गोष्टी चढत्या क्रमाने सांगून विद्येला सर्वांत वरचे स्थान दिले आहे, आणि अध्ययन पुरे करून परतलेला स्नातक व राजा यांची वाटेत गाठ पडली तर राजाने स्नातकाचा मान राखावा असेही म्हटले आहे. एकाच अध्यायातील ही दोन वचने वरवर विरुद्ध वाटतात, परंतु ती निरनिराळ्या माणसांना उद्देशून केलेली आहेत हे ध्यानात येताच विरोध मावळतो. मान इच्छू नये ही आज्ञा विद्यावंताला आहे; मान द्यावा ही आज्ञा राजाला, म्हणजेच समाजाला आहे. घेणाऱ्याचा धर्म निराळा आणि देणाऱ्याचा धर्म निराळा. घेणाऱ्याच्या निःस्पृहतेने देणाऱ्याची जबाबदारी फिटत नाही, आणि देणाऱ्याच्या औदार्याने घेणाऱ्याला आसक्तीची सनद मिळत नाही.

अॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या आरंभी मानाला परम श्रेय समजणाऱ्यांविरुद्ध असा आक्षेप घेतला आहे की, मान हा ज्याला मिळतो त्याच्यापेक्षा जे देतात त्यांच्यावर अधिक अवलंबून असतो. त्याने हा मानाचा दोष म्हणून सांगितला. मला मात्र त्यातच मानाचे खरे प्रयोजन दिसते. एखाद्याच्या सत्कारावरून सत्कारित व्यक्तीची योग्यता कितपत कळते याविषयी संशय घेता येईल, परंतु सत्कार करणारा समाज कशाला मूल्य देतो हे त्यावरून निःसंशय कळते. आपल्याच प्रांताचे जुने दफ्तर उघडून पाहावे. दाभाड्यांनी सुरू केलेला आणि पुढे पेशव्यांनी चालविलेला श्रावणातील दक्षिणेचा शिरस्ता हा विद्येच्या राजसन्मानाचाच प्रकार होता. परंतु उत्तरकाळी विद्येची पारख शिथिल होत गेली, जातीने ब्राह्मण असणे एवढ्यावरच थोडीबहुत दक्षिणा पदरी पडू लागली, आणि सन्मानाचे रूपांतर वाटपात झाले. पेशवाईच्या अस्तानंतर त्याच निधीच्या आधारावर 1821 साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. शतकाच्या मध्यावर लोकहितवादींसारख्या सुधारकांच्या खटपटीने त्यातील काही भाग मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांकडे वळला. आणि पुढे महाविद्यालयांत दक्षिणा फेलोही नेमले जाऊ लागले. निधी मुळात एकच. परंतु तो कोणाला आणि कशासाठी द्यावयाचा याविषयीचे विचार बदलत गेले, आणि त्या बदलांतून समाजाचे अंतःकरण कसकसे बदलले ते आज आपल्याला वाचता येते.

जेथे सन्मान नाकारला जातो तेथे हे अंतःकरण आणखी स्पष्ट दिसते. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी मुंबई विश्वविद्यालयाच्या पदवी परीक्षेत असे यश मिळविले की इंग्लंडमध्ये पुढील शिक्षणासाठी असलेली सरकारी शिष्यवृत्ती त्यांच्या वाट्याला यावयास हवी होती. ती केवळ त्या स्त्री असल्यामुळे त्यांना मिळाली नाही. हितचिंतकांच्या साहाय्याने त्या 1889 साली ऑक्सफर्डला गेल्या, 1892 साली तेथील कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, आणि तरीही पदवी हाती पडण्यास 1922 साल उजाडावे लागले, कारण स्त्रियांना पदवी देण्यास ऑक्सफर्डने 1920 पर्यंत रुकारच दिला नव्हता. त्या तीस वर्षांत सोराबजींचे ज्ञान तसूभरही कमी झाले नाही. उणेपणा आला तो ते ज्ञान न ओळखणाऱ्यांना. यावरून सिद्ध होते की विद्येला सन्मानाची गरज नसते, समाजाला सन्मान करण्याची गरज असते. आणि म्हणूनच ज्यांच्यापर्यंत विद्येची वाटच पोहोचू दिली गेली नाही, त्यांचे स्मरण प्रत्येक सत्कारसमारंभात जागे असले पाहिजे. मनुस्मृतीने स्नातकाला राजाच्या वर बसविले, पण शूद्रांना आणि स्त्रियांना त्या स्नातकपदापासून दूर ठेवले, हे तिचे न्यून आपण स्वतःच्या आचरणाने भरून काढले पाहिजे.

आता घेणाऱ्याच्या धर्माकडे वळू. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत आचार्य अध्ययन संपविलेल्या शिष्याला निरोप देतात तेव्हा त्याच्या बुद्धीची प्रशंसा करीत नाहीत. सत्य, धर्म, स्वाध्याय आणि अध्यापन यांत प्रमाद करू नये असे बजावतात, आणि आमच्या आचरणातील जे चांगले असेल तेवढ्याचेच अनुसरण कर असे सांगून स्वतःचाही अहंकार बाजूला ठेवतात. विद्या संपादन केल्यावर हाती काय येते, तर कर्तव्ये. वैदिक परंपरेने जन्मतःच माथी असलेल्या तीन ऋणांत ऋषिऋण गणले आहे त्याचा आशयही हाच. ज्या ग्रंथांनी, गुरूंनी, ग्रंथालयांनी आणि ज्या आईबापांच्या कष्टांनी आपली बुद्धी घडली, त्यांच्या खात्यावरची रक्कम आपण आपल्या नावे जमा दाखवू लागलो तर तो हिशेब खोटा ठरेल.

रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे. 1862 साली मुंबई विश्वविद्यालयाच्या पहिल्या बी. ए. परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या चौघांत महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक यांच्याबरोबर ते होते. तो मान त्यांनी संचित म्हणून राखून ठेवला नाही. आयुष्यभर हस्तलिखितांचा शोध, संस्कृतचे अध्यापन आणि प्राचीन इतिहासाचे संशोधन यांत तो खर्च केला, त्याच विश्वविद्यालयाचे कुलगुरुपद भूषविले, आणि अखेरीस आपला ग्रंथसंग्रह 1917 साली पुण्यात स्थापन झालेल्या, त्यांचेच नाव धारण करणाऱ्या प्राच्यविद्या संशोधन संस्थेस देऊन टाकला. ऋषिऋण फेडणे म्हणजे काय, हे त्यांच्या आचरणावरून समजते.

या सर्व विचारातून जो निष्कर्ष निघतो तो असा की, पदवीदानाच्या दिवशी दिले जाणारे पदक हे श्रमांचे वेतनही नव्हे आणि श्रेष्ठत्वाचा दाखलाही नव्हे. गुणपत्रिकेतील आकडे स्मरण, आकलन आणि परिश्रम यांची साक्ष देतात. शील, विवेक आणि करुणा यांची परीक्षा पुढील आयुष्य घेणार असते. समाजाने ते पदक देताना, बाजारात ज्यांची किंमत होत नाही अशा विद्यांवर आपली श्रद्धा आहे अशी जाहीर कबुली द्यावी, आणि ती कबुली त्या विद्यांच्या शिक्षकांस, ग्रंथालयांस व संशोधनास वर्षभर आधार देऊन खरी करून दाखवावी. विद्यार्थ्याने ते घेताना, जे आपण एकट्याने मिळविले नाही त्याची जबाबदारी आपल्या हाती सोपविली जात आहे असे समजावे, आणि ज्ञानेश्वरांनी सांगितलेले अमानित्व पदक नाकारण्यात नसून ते विसरून उद्यापासून पुन्हा अध्ययनाला बसण्यात आहे हे जाणावे. देणारा श्रद्धेने देईल आणि घेणारा निःस्पृहतेने घेईल, तर विद्येचा सत्कार आणि अमानित्व यांत विरोध उरणार नाही.