विकत घेतलेली शांतता

विश्रांति हा नीतिशास्त्राचा विषय होऊं शकतो, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. काम कसें करावें, कोणासाठीं करावें, त्याच्या फळावर हक्क कोणाचा, याची चर्चा करणारे ग्रंथ आमच्याकडे आणि पश्चिमेकडे विपुल आहेत. परंतु मनुष्य स्वस्थ बसला म्हणजे तो नीतीच्या कक्षेबाहेर गेला, अशी सर्वांची समजूत दिसते. ॲरिस्टॉटल हा याला एक मोठा अपवाद. आपण धडपड करतों ती सवड मिळावी म्हणून, असें त्यानें नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या अखेरच्या भागांत प्रतिपादिलें आहे. आणि सवड या अर्थाच्या ज्या ग्रीक शब्दावर हा विचार उभा आहे, त्याच शब्दापासून इंग्रजींतील ‘स्कूल’ हा शब्द निघाला, असें आम्ही वर्गांत सांगतों तेव्हां विद्यार्थी मनापासून हंसतात. पण या सवडीला एक काळी बाजू होती. अथेन्सच्या नागरिकाला सवड होती, कारण त्याच्या घरीं आणि शेतावर गुलाम राबत होते; आणि या तत्त्ववेत्त्यानें गुलामगिरीचें समर्थनही केलें. आपली सवड कोणाच्या तरी जिवावर मिळते, हें त्याला पक्कें ठाऊक होतें. त्यांत कांहीं वावगें आहे, असें मात्र त्याला वाटलें नाहीं.

आमच्या मध्यमवर्गाची सवड फार लहान. दिवाळीच्या पाठोपाठचे दोन दिवस, नाताळांतले तीन, आणि मे महिन्यांत मुलांच्या परीक्षा आटोपल्या म्हणजे एखादा आठवडा. या सवडींत कुटुंबासह कोंकणच्या एखाद्या शांत समुद्रकांठीं जाऊन राहण्याची चाल गेल्या पंचवीस-तीस वर्षांत चांगलीच रूढ झाली आहे. 1998 च्या जानेवारींत कोंकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धांवूं लागली, घरोघर मोटारी आल्या, आणि पूर्वीं ज्या गांवांत कुलदैवताच्या अभिषेकाखेरीज परका मनुष्य फिरकत नसे, तेथें आतां दर शनिवारीं खोल्या भरूं लागल्या. या चालीविरुद्ध आमची कांहीं तक्रार नाहीं. आम्ही स्वतःही जातों. आमचा प्रश्न एवढाच आहे, कीं तेथें जाऊन आपण जी वस्तु घेतों, ती नेमकी कोणती, आणि ती तेथें कोठून आली?

गुहागरचेंच उदाहरण घेऊं. चिपळुणाहून वळणांवळणांच्या रस्त्यानें पश्चिमेस पंचेचाळीस किलोमीटरांच्या सुमारास गेलें म्हणजे हें गांव लागतें. श्रीव्याडेश्वर हें अनेक चित्पावन घराण्यांचें कुलदैवत असल्यामुळें पुण्यामुंबईकडील पुष्कळ वाचकांना हें गांव निदान नांवानें तरी परिचित असेल. किनाऱ्याला समांतर असा एक लांबच लांब रस्ता, मध्यें बाजारपेठ, तिच्या दोन अंगांना वरचा पाट आणि खालचा पाट. समुद्राच्या बाजूस घर, घरामागें नारळी-पोफळींची वाडी, वाडीपलीकडे सुरूचें बन, आणि मग वाळू. गेल्या मार्गशीर्षांत आम्ही पत्नी, कन्या आणि चिरंजीव यांसह तेथें तीन रात्रीं राहिलों. उतरलों होतों तें घर जांभ्या दगडाचें, कौलारू. मागील पडवीस लागून अलीकडे बांधलेल्या चार खोल्या, त्याच काय त्या भाड्यानें द्यावयाच्या. पोफळींतून उतरणारें ऊन, रहाटाच्या जागीं आलेल्या पंपाची सकाळची थोडीशी घरघर, आणि ती थांबली म्हणजे समुद्राची गाज. पहिल्या संध्याकाळीं आम्हां चौघांपैकीं कोणीही पाऊण तास बोललें नाहीं, आणि चिरंजीवांनीं खिशांतला मोबाइल बाहेर काढला नाहीं. ज्यांच्या घरीं सतरा वर्षांचा मुलगा आहे, त्यांना यांतील नवलाई निराळी सांगावयास नको.

घरधनीण सत्तरीच्या पुढच्या. आम्ही सर्वच त्यांना काकू म्हणूं लागलों. दुसऱ्या दिवशीं जेवतांना आमच्या पत्नीनें गांवच्या शांततेचें मनापासून कौतुक केलें. काकू वाढतां वाढतां म्हणाल्या, “तुम्ही माणसं येता म्हणून बरं वाटतं हो. एरवी घर खायला उठतं.”

हें वाक्य त्यांनीं सहज उच्चारलें, आणि सोलकढीचें भांडें घेऊन त्या पुढें गेल्या. आमच्या ताटावरचें लक्ष मात्र उडालें. ज्या निःशब्दतेसाठीं आम्हीं पैसे मोजले होते, आणि जी आम्हांला औषधासारखी लागू पडत होती, तीच या बाईंना वर्षाचे दहा महिने खायला उठत होती. त्या सायंकाळीं कन्येनें एका पाखाडीच्या कडेचीं घरें मोजलीं. अकरांपैकीं सहांना कुलूप होतें. गणपतींत आणि शिमग्याला तीं उघडतात. एरवी शेजारचें कोणीतरी देवापुढें दिवा लावतें आणि गडग्याची पडझड झाली तर फोन करतें.

कोंकणची शांतता ही निसर्गदत्त आहे, असें नगरवासीयांना वाटतें. समुद्राची गाज निसर्गदत्त आहे, शांतता नव्हे. ती माणसें गेल्यानें झाली आहे. मुंबईस 1856 च्या सुमारास पहिली कापडगिरणी चालूं झाली, आणि पुढील शंभर-सव्वाशें वर्षें रत्नागिरी जिल्ह्यानें त्या गिरण्यांना माणसें पुरविलीं. एकेका गांवचे गडी परळ-लालबागच्या एकेका खोलींत दाटीवाटीनें राहिले, आणि त्यांच्या मनीऑर्डरीवर मागें राहिलेलीं म्हातारीं, बायका आणि पोरें जगलीं. ‘चाकरमानी’ हा शब्द या व्यवहारानेंच घरोघर पोंचविला. 1982 च्या जानेवारींत सुरू झालेल्या संपानें गिरणगांवाचा कणा मोडला. कांहीं परत आले, पुष्कळ जण रिकाम्या हातांनीं परत येण्याची लाज वाटून मुंबईच्या कडेला सरकले. 2011 च्या जनगणनेंत रत्नागिरी जिल्ह्यांत दर हजार पुरुषांमागें अकराशें वीसहून अधिक स्त्रिया आढळल्या. 2001 मध्यें जिल्ह्याची लोकसंख्या 16 लक्ष 97 हजारांच्या आसपास होती. दहा वर्षांनीं ती 16 लक्ष 15 हजारांवर उतरली. सारा देश वाढत असतां जो जिल्हा आटत गेला, तेथें शांतता नसेल तर काय असेल?

यावर कोणी म्हणेल, कीं हें सर्व खरें असलें तरी त्याचा दोष सुट्टीसाठीं आलेल्या गृहस्थाच्या माथीं कां? गिरण्या त्यानें काढल्या नाहींत, संप त्यानें मोडला नाहीं. उलट चार पैसे तो गांवांत टाकून जातो. आक्षेप अगदीं रास्त आहे, आणि आम्ही तो मान्य करतों. खोलीचे पैसे दिले, जेवणाचे दिले, तेवढ्यापुरता हिशेब चुकता झाला. कांहीं भाविक मंडळी याच्याही पलीकडे जाऊन म्हणतात, कीं आपण तेथें गिऱ्हाईक म्हणून नव्हे, अतिथि म्हणून जावें. आम्हांस हें पटत नाहीं. मनूनें अतिथीची व्याख्या एक रात्र राहणारा अशी केली आहे. तो न कळवितां येतो, मिळेल तें खातो, आणि निघून जातो. आम्ही महिनाभर आधीं आगाऊ रक्कम पाठवून, उकडीचे मोदक कोणत्या दिवशीं हवेत हें कळवून जातों. त्याला आतिथ्य म्हणणें म्हणजे काकूंच्या पहांटे साडेचारच्या श्रमांवर एक गोड पडदा टाकणें होय. आमच्या पत्नी नारळ खवून देण्यासाठीं सैंपाकघरांत गेल्या, तेव्हां काकूंनीं त्यांना हंसून बाहेर घालविलें. “तुम्ही पैसे दिलेत ना? मग बसा की निवांत.” या उत्तरांत तुटकपणा नव्हता, स्वतःच्या कामाला किंमत आहे, हें जाणणाऱ्या स्त्रीचा तो स्वाभिमान होता. आयुष्यभर तिनें हेंच काम घरच्या माणसांसाठीं केलें, आणि त्याचा कोणीं हिशेब ठेवला नाहीं. येथें निदान कोणी ताटाचे पैसे मोजतें. शहरांतील पंचतारांकित हॉटेलांत चहाची किंमत मुकाट्यानें चुकती करणारे गृहस्थ अशा ठिकाणीं मोदकाच्या दरावरून घासाघीस करतात, आणि वर ‘घरच्यासारखें वाटलें’ असेंही म्हणतात, हा प्रकार आम्हीं पाहिला आहे. माणसाला केवळ साधन समजूं नये, असें कांट या जर्मन तत्त्वज्ञानें सांगितलें. रास्त दाम देणें ही त्या उपदेशाची पहिली पायरी आहे, आणि प्रेमळ शब्दांनीं ती ओलांडतां येत नाहीं.

पण दामानें खोली मिळते आणि ताट मिळतें, शांततेचें काय? ती कोणी विकीत नाहीं. ती भोंवतालच्या कुलूपबंद घरांतून येते, आणि त्या घरांच्या मालकांना आम्ही एक कवडीही देत नाहीं. कर्ज म्हणावें तर धनको कोण, हेंही सांगतां येत नाहीं. येथवर फार तर एक प्रकारचा संकोच उत्पन्न होतो, अपराध नाहीं. अपराधाची सुरुवात होते ती त्या शांततेवर हक्क सांगण्यापासून. ‘पूर्वींचें गुहागर राहिलें नाहीं’, ‘कौलें जाऊन स्लॅब आली’, ‘किनाऱ्यावर गाड्या फार झाल्या’, अशी हळहळ पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांतून नेहमीं ऐकूं येते. स्वतः सातव्या मजल्यावर स्लॅबखालीं राहणाऱ्यानें दुसऱ्यानें मात्र दरवर्षीं कौलें परतावीं, वानरांनीं फोडलेलीं बदलावीं, आणि पावसाळ्यांत गळक्या माजघरांत पातेलीं ठेवावीं, अशी अपेक्षा बाळगावी, ती कशासाठीं? वर्षांतून तीन दिवस आपल्या डोळ्यांना बरें वाटावें म्हणून! याच तालुक्यांत अंजनवेलच्या बाजूस गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मोठा वीजप्रकल्प उभा राहिला. त्याविषयीं झालेले वाद सर्वश्रुत आहेत, आणि विरोध करणाऱ्यांत गांवकरीही होते. त्यांनीं आपल्या जमिनीसाठीं आणि पाण्यासाठीं केलेला विरोध ही एक गोष्ट. पाहुण्याला निवांतपणा हवा म्हणून गांवानें तसेंच राहावें, ही अगदीं दुसरी. एकच वाक्य दोघांच्या तोंडीं आलें म्हणून त्याचें नैतिक वजन एक होत नाहीं.

निघण्याच्या आदल्या रात्रीं हा प्रश्न आमच्यापुढें पुस्तकी राहिला नाहीं. काकू ओटीवर येऊन बसल्या, आणि म्हणाल्या, “सर, तुम्ही शिकलेली माणसं, म्हणून विचारते.” त्यांचा धाकटा मुलगा कांदिवलीस एका कारखान्यांत आहे. तो म्हणतो, कीं रस्त्याकडची निम्मी वाडी काढून तेथें दुमजली बारा खोल्या बांधाव्या, खालीं खाणावळ करावी, आणि नोकरी सोडून बायकामुलांसह घरीं यावें. पोफळी काकूंच्या सासऱ्यांनीं लावलेल्या. काकूंना झाडें तुटलेलीं पाहवणार नाहींत, आणि मुलगा यावा असें तर रात्रंदिवस वाटतें.

आम्ही कांहीं वेळ गप्प राहिलों. खरें सांगावयाचें तर झाडें राहावीं, असेंच आमच्या तोंडीं आलें होतें. आणि त्याला कारणेंही चांगलीं देतां आलीं असतीं. वाडी म्हणजे वाऱ्याची भिंत, विहिरीच्या पाण्याची राखण. 3 जून 2020 च्या ‘निसर्ग’ वादळानें उत्तरेकडे श्रीवर्धन-दिवेआगरच्या बागा आडव्या केल्या, तेव्हां नवी पोफळ फळावर येण्यास किती वर्षें थांबावें लागतें, हें तेथील लोकांनीं भोगलें. किनाऱ्यालगतच्या बांधकामावर 1991 पासून नियमन आहे, तेंही पाहावयास हवें. हीं सर्व कारणें खरीं होतीं. परंतु त्यांच्या तळाशीं आमची ती पाऊण तासाची संध्याकाळ दडून बसली होती, आणि तिला या तराजूंत बसण्याचा कांहीं अधिकार नव्हता. म्हणून आम्हीं प्रथम तेंच सांगितलें: “काकू, आम्हां पाहुण्यांना काय आवडेल, हें यांत धरूं नका. आम्ही दुसरीकडे जाऊं.” मग पाण्याचें, वाऱ्याचें आणि परवान्याचें बोललों, बारांऐवजीं सहा खोल्यांनीं भागेल काय, कर्जाचा हप्ता पावसाळ्यांतल्या चार रिकाम्या महिन्यांत कोठून निघेल, हें मुलाला कागदावर मांडावयास सांगितलें. पत्नीनें विचारलें, सूनबाईंची येण्याची तयारी आहे का? काकू म्हणाल्या, “तिला कोणी विचारलंच नाही अजून.” आणि बऱ्याच वेळानें, “उद्या फोन करते तिला,” असें म्हणून त्या उठल्या, आणि सकाळसाठीं तांदूळ भिजत घालावयास आंत गेल्या.