समोरच्याच्या चुकीची किंमत

भाची : मामा, 1988 सालच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा शेवटचा डाव मला खटकतो. जॉनी चॅनच्या हातात गुलाम-नव्वी. टेबलावर राणी, दश्शी, अठ्ठी उघडली आणि त्याचा स्ट्रेट झाला. त्या क्षणी त्याहून भारी हात कुणाकडे असणं शक्यच नव्हतं. तरी शेवटच्या पत्त्यावरही त्यानं पैसे न लावता चेकच केलं.

मामा : आणि राणीच्या जोडीवर एरिक सायडेलनं सगळ्या चिप्स पुढे सारल्या. चॅन सलग दुसऱ्यांदा विजेता झाला.

भाची : जिंकला म्हणून बरोबर ठरला?

मामा : नाही. पण समोरचा स्वतःहून पैसे लावणारा असेल तर गप्प बसणं शोभतं. आणि उघडलेल्या त्या तीन पत्त्यांत एका रंगाचे दोनही नव्हते. दोन बदाम असते तर गोष्ट वेगळी. समज, एकच पत्ता यायचा राहिलाय आणि समोरचा स्ट्रेटला हरवणाऱ्या पाचव्या बदामाची वाट बघतोय. त्यानं न पाहिलेल्या 46 पत्त्यांत 9 बदाम, म्हणजे पाचांत जेमतेम एकदा. पॉटमध्ये 100 असताना तू 20 लावलेस, तर सातांत एकदा बदाम आला तरी त्याचे पैसे वसूल. 50 लावलेस, तर चारांत एकदा यायला हवा. तिथे तो फसतो.

भाची : मग 500 का नको? नो-लिमिटच आहे.

मामा : तो पानं टाकून देईल. चूक करायला त्याला जागाच उरणार नाही.

भाची : म्हणजे त्याच्या चुकीवरच जगायचं! पानं झाकणं मला मान्य आहे, पण दुबळेपणाचं सोंग म्हणजे खोटं बोलणंच.

मामा : दोघांनी ते आधीच कबूल केलेलं असतं. शिवाय भारी पानांवर नेहमी गप्प राहिलीस, तर तुझ्या मोठ्या रकमा पोकळ आहेत हे हुशार माणूस ओळखतो. म्हणून काही भारी हात जोरातच खेळावे लागतात.

भाची : थोडक्यात, खरं बोलायचं ते पुढचं खोटं खपावं म्हणून.

मामा : हो, तसंच आहे. सायडेलसारख्यासमोर मला त्यात गैर वाटत नाही. तोही तेच करत होता. पण हरत असूनही ज्याला उठता येत नाही, त्यानं काय कबूल केलेलं असतं? त्याच्यासमोर मी रक्कम ठरवत बसत नाही, खेळच सोडतो.

भाची : तुझ्या खुर्चीत दुसरा येऊन बसतो. त्या माणसाचं नुकसान टळतं का?

मामा : टळत नाही.

भाची : मग उठून जाणं मला पुरेसं वाटत नाही, मामा.