कर्ज फेडून उरलेलें तेल

(शास्त्रपाठ: २ राजे, अध्याय ४, वचनें १ ते ७)



अंगांत ताप आहे कीं नाहीं, हें कपाळास हात लावून कळतें. डोळे पिवळे दिसूं लागले म्हणजे आपण वैद्याकडे धांव घेतों. शरीराच्या आरोग्याचीं चिन्हें आपण अशीं ओळखतों. परंतु संसाराच्या आरोग्याचीं चिन्हें कोणतीं, असें कोणीं विचारिलें तर बहुतेक जण स्लॅबच्या घराकडे, दारापुढील मोटारसायकलीकडे आणि लग्नांत उठलेल्या पंगतींकडे बोट दाखवितात. हीं चिन्हें फसवीं आहेत. अंगावर सूज आलेला मनुष्यही दुरून धष्टपुष्टच दिसतो. मग खरें आरोग्य ओळखावें कसें? याचें उत्तर शास्त्रानें एका गरीब विधवेच्या घरांत ठेविलें आहे.

संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकीं एक मनुष्य मरण पावला. तो देवभीरु होता असें त्याची बायको अलीशाला सांगते, आणि अलीशा तें नाकारीत नाहीं. तरी तो मागें कर्ज ठेवून गेला होता, आणि धनको त्याच्या दोघां मुलांस दास करून नेण्यास आला होता. बंधूंनो, येथें क्षणभर थांबा. भक्तीनें हिशेब मिटत नाहीं. जो प्रार्थनेस नियमित पण परतफेडीस अनियमित, त्याच्या देण्याचा भार शेवटीं त्याच्या लेंकरांच्या खांद्यावर पडतो.

हें फार जुन्या काळचें झालें, असें मात्र कोणीं समजूं नये. उसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे आपल्या जिल्ह्यांत बीडकडून तोडणीच्या टोळ्या येतात. नवराबायकोच्या जोडीला त्यांच्यांत ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून आधींच घेतलेली उचल फेडण्यासाठीं ती जोडी महिनोन्‌महिने थंडींत राबते, आणि पुष्कळदां तिचीं लेंकरें शाळा सोडून फडाच्या कडेलाच वाढतात. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानें बंद झाली आहे. तथापि ज्या घरानें उद्यांची मजुरी आजच खाऊन टाकिली, त्या घराचे हात कोणत्याही कायद्यानें पुरते मोकळे होत नाहींत.

आतां त्या विधवेच्या घरीं काय घडलें तें क्रमानें पाहूं. त्यांतच निरोगी संसाराचीं चार चिन्हें आहेत.

पहिलें चिन्ह हें कीं, घरांत काय आहे तें घराला ठाऊक असतें. अलीशानें तिला पैसे दिले नाहींत. घरांत काय शिल्लक आहे, एवढेंच विचारिलें. आरंभीं ती म्हणाली, कांहींच नाहीं. आणि मग तिला तेलाचें एक भांडें आठवलें. कांहींच नाहीं असें म्हणणें ही एक चूक, आणि आपल्याला काय कमी आहे असें म्हणणें ही दुसरी. दोहोंचें मूळ एकच: मोजलेलें नसतें.

आपल्या शाहूवाडी तालुक्यांत मोजण्याची गरज अधिक आहे, कारण येथें पैसा एकसारखा येत नाहीं. भात आणि नाचणी वर्षांतून एकदां घरांत येतात. उसाचें बिल येतें तेव्हां एकदम येतें, आणि एकदम आलेला पैसा एकदम जातो. दुधाचें बिल मात्र दर कांहीं दिवसांनीं येतें; १९६३ सालीं जिल्ह्याचा सहकारी दूध संघ उभा राहिला, तेव्हांपासून एका म्हशीनें कित्येक घरांची मीठमिरची चालविली आहे. शिवाय डोंगरकडेच्या गांवांतून पोटासाठीं मुंबईस जाण्याची रीत जुनी आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, तेव्हां कोल्हापूर, सातारा आणि कोंकण या भागांतील हजारों घरांच्या मनिऑर्डरी थांबल्या, आणि पुष्कळांची नोकरी पुन्हां मिळालीच नाहीं. ज्या घरास तोच एक झरा होता, तें कोरडें पडलें. म्हणून आपल्या घरांत पाणी किती झऱ्यांनीं येतें, आणि त्यांपैकीं एक आटला तर किती दिवस तग धरवेल, हें जो सांगूं शकतो तो पहिल्या परीक्षेंत उतरला.

यासाठीं मोठी विद्या लागत नाहीं. एक वही, तींत दोन रकाने, जमा आणि खर्च. आणि रोज दिवेलागणीला दोन ओळी. ती वही नवऱ्याच्या पेटींत कुलपाखालीं नसावी. आपल्या शास्त्रपाठांतील बाईवर संकट आलें तें नवरा गेल्यावर. आज रात्रीं आपणांस देवाचें बोलावणें आलें, तर कर्ज कोणाचें आहे, येणें कोणाकडे आहे, सातबारा कोठें ठेविला आहे, आणि बँकेच्या खात्यास वारस म्हणून कोणाचें नांव दिलें आहे, हें आपल्या बायकोस ठाऊक आहे काय? ज्या घरांत हें दोघांनाही ठाऊक आहे, तें घर निरोगी.

दुसरें चिन्ह हें कीं, उसनें घ्यावयाचेंच झालें तर कामासाठीं घेतलें जातें. अलीशानें तिला शेजाऱ्यांकडून भांडीं मागून आणावयास सांगितलें. म्हणजे कर्जानें बुडालेल्या बाईला त्यानें पुन्हां उसनेंच आणावयास लाविलें! परंतु ह्या उसन्यांत आणि त्या कर्जांत अंतर आहे. तीं भांडीं रिकामीं होतीं. ज्याचीं त्याला तशींच परत जावयाचीं होतीं. आणि जितकीं अधिक आणिलीं तितकें तिचें तेल वाढणार होतें. बी-बियाण्यासाठीं, विहिरीसाठीं किंवा दुभत्या जनावरासाठीं विचारपूर्वक काढिलेलें कर्ज हें अशा भांड्यासारखें आहे. तें स्वतःची फेड स्वतःच आणितें. पण वाजंत्री, मांडव आणि मानपान यांसाठीं काढिलेलें कर्ज हें फुटक्या घागरींत ओतलेलें तेल होय. ऋण काढून सण करूं नये, असें आपल्या वाडवडिलांनीं उगीच म्हटलें नाहीं. लग्नाची पंगत एका दिवसांत उठते, पण तिचें व्याज पंगतींत बसून राहतें.

व्याजाचा हिशेब अनेकांस नीट कळत नाहीं, म्हणून तो येथें मांडतों. गांवांत कोणी शेकडा ५ रुपये महिना या दरानें १०,००० रुपये देतो. ऐकावयास पांच रुपये अगदीं थोडे वाटतात. परंतु महिन्यास ५०० रुपये, म्हणजे वर्षास ६,००० रुपये झाले. वीस महिन्यांत १०,००० रुपये व्याजच दिलें, आणि मुद्दल जसेंच्या तसें उभें! हेच १०,००० रुपये वर्षास शेकडा ७ या दरानें घेतले तर व्याज ७०० रुपये होतें. म्हणून दर ऐकतांच पहिला प्रश्न विचारावा: हा महिन्याचा कीं वर्षाचा? आतां तर सावकारास उंबरठा ओलांडून येण्याचीही गरज उरली नाहीं. तो खिशांतल्या मोबाइलमधून येतो, दोन मिनिटांत पैसे देतो, आणि हप्ता चुकला तर सोयऱ्याधायऱ्यांस फोन करून आपली अब्रू घेतो. जेथें देणाऱ्याचें नांव, पत्ता आणि व्याजाचा दर स्वच्छ लिहिलेला नाहीं, तेथें बोट लावूं नये.

तिसरें चिन्ह हें कीं, परतफेड आधीं आणि चैन मागाहून. तेल भरल्यावर ती बाई अलीशाकडे परत आली. त्यानें दिलेला क्रम पाहा: आधीं तेल विकावें, मग देणें द्यावें, आणि मग जें उरेल त्यावर तिनें आणि मुलांनीं निर्वाह करावा. चमत्कार झाला, तरी देण्यांतून सूट मिळाली नाहीं. धनको कठोर होता. तथापि त्याचा पैसा बुडवावा असें संदेष्ट्यानें सांगितलें नाहीं. कर्जमाफीची वाट पाहत फेडावयाचे पैसे इतरत्र उडविणाऱ्यांनीं हें मनावर घ्यावें. सेवा सोसायटीचें पीककर्ज मुदतींत फेडणाऱ्यास व्याजांत सवलत मिळते. थकबाकीदार ती गमावतो, आणि पुढच्या हंगामास दारोदार हिंडतो.

फेडीस मर्यादा किती असावी? लहान कर्जें देणाऱ्या संस्थांस रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं असा दंडक घातला कीं, कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून त्याच्या मासिक मिळकतीच्या निम्म्याहून अधिक होऊं नयेत. हा निम्मा म्हणजे कड्याचा कांठ होय. तेथें घर बांधावयाचें नसतें. ज्या घराचे हप्ते निम्म्याशीं भिडले, किंवा जें एका गटाचा हप्ता भागविण्यासाठीं दुसऱ्या गटाचें कर्ज काढितें, त्या घरास ताप चढला आहे असें समजावें. बाहेरून तें कितीही रंगविलेलें असो.

आणि फेडीची पावती घ्यावी. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें बाजाराच्या दिवशीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांदुकानांवर चाल केली. पुढें तें लोण अनेक गांवीं पसरलें. लोकांचा मुख्य रोख खतपत्रांवर होता. रोखे मिळाले म्हणजे ते जाळून टाकीत. ज्या कागदांवर आपण अंगठा केला त्यांत काय लिहिलें आहे तें वाचतां येत नव्हतें, हें त्या आगीचें एक कारण होतें. चौकशी होऊन १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला, आणि ऋणकोनें पावती, वर्षाचा हिशेब व पासबुक मागावें हा हक्क त्यांत लिहिला गेला. ज्या पावतीचा मार्ग दिसण्यास एवढी जाळपोळ व्हावी लागली, ती आज मागण्यास आपण संकोचतों! आपल्या राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानेंही परवान्यावांचून सावकारी करणें हा गुन्हा ठरविला आहे. परवानाधारक सावकारासही हिशेब ठेवून पावती द्यावी लागते. सावकारीच्या व्यवहारांत गेल्या १५ वर्षांत जमीन गेली असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करितां येतो. मंडळीच्या उपदेशकांनीं हें लक्षांत ठेवावें, आणि ज्यास लिहितां येत नाहीं त्यास अर्ज लिहून द्यावा. नहेम्याच्या पांचव्या अध्यायांत शेतें आणि मुलें गहाण पडलेल्या लोकांचा आक्रोश आहे. तो ऐकून नहेम्या नुसती प्रार्थना करून थांबला नाहीं.

चौथें चिन्ह हें कीं, उरलेल्यांत घर चालतें, आणि त्यांतूनही कांहीं उरतें. त्या बाईचें तेल केव्हां थांबलें? भांडीं संपलीं तेव्हां. म्हणजे सांठविण्यास जागा होती तोंवर आशीर्वाद वाहत होता. आपल्या आज्या उतरंडीच्या तळच्या मडक्यांत चार आणे टाकून ठेवीत. तेंच दुखण्याबाणण्यास बाहेर निघे. पावसाळ्याचे चार महिने पुरेल एवढें धान्य, आणि दवाखान्याची एक फेरी भागेल एवढा पैसा, हे ज्या घरांत कोणासही न विचारतां निघतात, त्या घरास श्रीमंत म्हणा अगर न म्हणा, निरोगी अवश्य म्हणा. स्त्रियांच्या बचत गटांची पंचसूत्री प्रसिद्ध आहे: नियमित बैठक, नियमित बचत, गटांतल्या गटांत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित नोंदी. हीच पांच सूत्रें एकेका घरानें पाळिलीं तर काय उणें पडेल? मात्र सांठविलेला पैसा कोठें ठेविला आहे हेंही पाहावें. बँक बुडाली तर २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीस विम्याचें संरक्षण आहे. पतसंस्थेच्या ठेवीस तें नाहीं. अधिक व्याजाच्या मोहानें सर्व तेल एकाच भांड्यांत ओतूं नये.

आणखी एक गोष्ट. त्या बाईनें दार लावून घेऊन तेल ओतिलें. गांवास दाखविण्यासाठीं कांहीं केलें नाहीं. आणि आपल्या मुलांस सोबत घेतलें. लोक काय म्हणतील, या तीन शब्दांनीं जितकीं शेतें गहाण पडलीं तितकीं दुष्काळानेंही क्वचित् पडलीं असतील. दार लावून खर्च करावयास शिका. आणि मुलांस दाराच्या आंत घ्या, म्हणजे पैसा कसा येतो आणि कसा जातो तें त्यांस लहानपणींच कळेल.

दानाविषयीं दोन शब्द सांगतों, आणि ते विशेषेंकरून उपदेशकांसाठीं आहेत. देणें हेंही आरोग्याचेंच चिन्ह आहे. मूठ अजिबात उघडत नसेल तर तोही एक रोगच. परंतु कर्ज काढून वर्गणी देणाऱ्याची पाठ थोपटूं नका, आणि नाताळच्या कपड्यांसाठीं कोणास सावकाराच्या दारीं जावें लागेल अशी चढाओढ मंडळींत माजूं देऊं नका. मिझोरामच्या मंडळ्यांतील स्त्रियांनीं १९१० पासून एक रीत पाळिली आहे: प्रत्येक वेळीं भात शिजवितांना त्यांतून एक मूठ तांदूळ देवाच्या कार्यासाठीं बाजूस काढावयाचे. त्या मुठींनीं तेथें मोठीं कामें उभीं राहिलीं. ती मूठ उसनी नव्हती. आपल्याच मडक्यांतली होती. म्हणूनच ती गोड.

तर येत्या रविवारीं संध्याकाळीं दार लावून सर्व कुटुंबानें एकत्र बसावें आणि चार प्रश्न विचारावे. घरांत काय आहे? देणें कोणाचें, किती आणि कोणत्या दरानें आहे? येत्या सुगींत त्यांतलें आधीं कोणतें फिटेल? आणि फेडून जें उरेल त्यांत आपण राहूं शकूं काय? ज्यास उत्तरें देतां येतील त्यानें देवाचे उपकार मानावे. ज्यास देतां येणार नाहींत त्यानेंही निराश होऊं नये. ती विधवासुद्धां प्रथम कांहींच नाहीं असेंच म्हणाली होती. तिच्या मुलांचें दास्य टळलें, तें धनको दयाळू झाला म्हणून नव्हे. तर तिनें आपली अडचण लपविली नाहीं, सांगितलेलें काम केलें, आणि देणें दिलें म्हणून.

पित्या, आमच्या घरांतील जें थोडें आहे तें आम्हांस दिसूं दे. ज्याचें त्यास देण्याची बुद्धि आणि उरलेल्यांत समाधान दे. आणि आमच्या लेंकरांवर आमच्या देण्याचें ओझें पडूं देऊं नको. आमेन.