फाटलेलं कोपर

छत्रपती संभाजीनगरातला हर्सूलचा टी पॉइंट ओलांडून गाड्या सकाळीच अजिंठ्याच्या वाटेला लागतात. १८४४ साली मेजर रॉबर्ट गिल या मुलखात आले, ते लेण्यांतली चित्रं तैलरंगात उतरवायला. वर्षानुवर्षं खपून केलेले त्यांचे बहुतेक कॅनव्हास १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाले. पुढे जॉन ग्रिफिथ्स साहेबांबरोबर मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे विद्यार्थी त्याच चित्रांच्या नकला करायला आले. त्यांतले पेस्तनजी बोमनजी नंतर वास्तववादी व्यक्तिचित्रणात नावाजले.

हुबेहूब चेहरा काढता येतो हो, पण प्रार्थना कशी काढायची?

स्पेनच्या झुर्बाराननं सतराव्या शतकात गुडघे टेकलेला संत फ्रान्सिस रंगवला. ते तैलचित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. डोळे टोपडीच्या सावलीत बुडालेले, ओठ किंचित विलग. जिथे भक्ती दाखवायची तिथेच या बहाद्दरानं काळोख केला आणि जीव ओतला तो झग्यावर. ठिगळं, विरलेलं सूत, कोपराशी फाटलेली बाही. मला ही खरी हुशारी वाटते. जोडलेले हात काय, कॅलेंडरवरही असतात.

त्या झग्यासारखंच साधेपण अजिंठ्यातही आहे. तिथल्या बाराव्या लेण्यात भिक्षूंच्या खोल्या आहेत. एकेका खोलीत निजायला दगडाचे दोन ओटे. दाराशी वाकून आत जरूर बघा. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या चित्रापुढे गर्दी असते, इथे सहसा नसते. सोमवारी मात्र लेणी बंद, तेवढं ध्यानात ठेवा.