सुवर्णकंदुक आणि कर्तेपण

पिपरी मेघेच्या वस्तीलगत, जेथे काही वर्षांपूर्वीपर्यंत कपाशी आणि तूर उभी राहत असे व आता भूखंडांच्या हद्दीचे दगड उभे आहेत, अशा एका मोकळ्या जागेत सायंकाळी मुले फुटबॉल खेळतात आणि फिरून परतताना त्यांच्यापाशी घटकाभर थांबण्याचा माझा परिपाठ आहे. गेल्या आठवड्यात त्यांच्यात तंटा लागला होता. एकाने दोन विटांमधून चेंडू पलीकडे धाडला होता, सर्वांनी त्याच्या नावाचा जयघोष चालविला होता, आणि दुसरा मात्र अगदी कळवळून विचारीत होता, "गोल त्याचा कसा? पास तं माहा होता!"

घरी येईपर्यंत तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. कारण कर्म घडते तेव्हा त्याचा कर्ता कोण, हा तत्त्वज्ञानातील फार जुना वाद त्या मुलाने आपल्या बोलीत मांडला होता, आणि ज्या वादाचा फैसला आचार्यांनाही सहजासहजी करता आला नाही त्याचा निकाल युरोपात दरसाल एका समारंभात जाहीर होतो. बॅलन डी'ओर, म्हणजे सुवर्णकंदुक, हा तो सन्मान. 'फ्रान्स फुटबॉल' या नियतकालिकाने गाब्रिएल आनो यांच्या कल्पनेवरून १९५६ साली तो सुरू केला. पहिला मानकरी एक्केचाळीस वर्षांचा स्टॅनली मॅथ्यूज, आणि दुसऱ्या क्रमांकावरील डि स्टेफानोपेक्षा त्याला अवघे तीन गुण अधिक! पुढे कित्येक वर्षे युरोपीय राष्ट्रीयत्वाचा दाखला ज्याच्यापाशी नाही त्याचा विचारच होत नसे. त्यामुळे पेले आणि मॅराडोना या यादीबाहेर राहिले. १९९५ मध्ये ती अट सैल झाली आणि लायबेरियाचा जॉर्ज विआ मानकरी ठरला. मेस्सीने तर पुढे तो आठ वेळा मिळविला. परंतु अटी कितीही बदलल्या, तरी अकरा जणांनी खेळलेल्या खेळाचे श्रेय एकाच्या पदरात घालण्याची रीत बदलली नाही.

ही रीत सत्याला धरून आहे काय? गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत, आणि अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नानाविध चेष्टा व शेवटी दैव अशी जी ती गणना आहे, तीत कर्त्याला केवळ एक स्थान आहे. जो एकट्या स्वतःलाच कर्ता मानतो त्याला दृष्टीच नाही, इतक्या कठोर शब्दांत तेथे निर्वाळा दिला आहे. अधिष्ठान म्हणजे देह, असा अर्थ भाष्यकार करतात. मला त्यात मैदानही घ्यावेसे वाटते, कारण पावसाने निसरडे झालेले गवत, खांबाला लागून आत किंवा बाहेर जाणारा चेंडू, आणि आपल्या अंगावर दोन प्रतिस्पर्धी ओढून घेऊन दुसऱ्याला वाट मोकळी करून देणारा, ज्याच्या पायाला चेंडू लागलाही नाही असा सोबती, या सर्वांना वगळून गोलाचा हिशेब पुरा होतो असे मानणे मला जमत नाही.

तरीही सन्मान असूच नयेत, असे म्हणण्याकडे माझे मन वळत नाही, आणि त्याचे कारणही गीतेतच आहे. दहाव्या अध्यायात भगवंतांनी सेनापतींत स्कंद, जलाशयांत सागर, वृक्षांत अश्वत्थ असे एकेका वर्गातील श्रेष्ठ वेचून दाखविले आहेत. म्हणजे श्रेष्ठाला श्रेष्ठ म्हणणे हे पाप नव्हे, उलट ते ईश्वरदर्शनाचे एक द्वार आहे. मात्र ज्याच्या ठायी ते तेज दिसते तो त्या तेजाचा मालक नव्हे, अंशमात्र आहे. आणि या निवडीतील एका नावाशी मी नेहमी थबकतो : यज्ञांमध्ये अश्वमेध नव्हे, राजसूय नव्हे, तर ज्याला वेदी लागत नाही आणि ज्याचा धूरही कोणाला दिसत नाही, तो जपयज्ञ श्रेष्ठ ठरविला आहे.

सुवर्णकंदुकाच्या परीक्षकांना ही दृष्टी फार क्वचित लाभली. १९६३ साली लेव्ह याशिन या सोव्हिएत गोलरक्षकाला तो मिळाला आणि त्यानंतर आजतागायत एकाही गोलरक्षकाला मिळालेला नाही. इटलीचे झोफ आणि बुफॉन दुसऱ्या क्रमांकापर्यंत येऊन थांबले. २०१९ पासून गोलरक्षकांसाठी याशिनच्या नावे निराळे पारितोषिक ठेवले आहे खरे, पण मला ते निराळ्या पंगतीसारखे वाटते. गोलरक्षकाचे कर्म म्हणजे काही घडू न देणे. जे घडले नाही त्याची नोंद कोणत्या दप्तरात करणार?

गोपुरीला गीताई मंदिरात गीताईचे श्लोक कोरलेल्या शिळा उघड्या आकाशाखाली उभ्या आहेत. वर छप्पर नाही, आत मूर्ती नाही. ज्या विनोबांनी १९३०-३१ मध्ये गीताई रचली, तेच १९५१ साली येथून पायी तेलंगणाकडे गेले आणि जमिनीच्या मालकीचा प्रश्न त्यांनी दानाने हाताळला. आम्हां वर्धेकरांना सातबाराचा उतारा ठाऊक आहे : कब्जेदाराचे नाव ठळक असते, पण त्याच कागदावर इतर अधिकारांचाही एक रकाना असतो, आणि तो न वाचता व्यवहार करणारा फसतो. सन्मानपत्रावर कब्जेदाराचे नाव असावे, हे मला मान्य आहे. माझी तक्रार दुसरा रकाना कोरा ठेवण्याविषयी आहे.

दुसऱ्या दिवशी त्या मुलांना मी नेव्हिल डिसोझाची हकीकत सांगितली. ज्या १९५६ साली मॅथ्यूजला पहिला सुवर्णकंदुक मिळाला, त्याच साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले, आणि मूळच्या गोव्याच्या, मुंबईत खेळणाऱ्या या तरुणाने त्या सामन्यात तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम करणारा तो पहिला आशियाई. युगोस्लाव्हियाविरुद्धचा एक धरून त्याचे चार गोल झाले, त्या स्पर्धेत त्याहून अधिक कोणाचेच नव्हते, आणि भारत चौथा आला. युरोपच्या यादीत त्याचे नाव येणे त्या काळी शक्यच नव्हते. मुले डोळे विस्फारून ऐकत होती, तेवढ्यात कालचा तो तक्रारदार पुढे सरला आणि म्हणाला, "पण आजोबा, त्याले पास कोनं देल्ला?"

मी दगडावर बसलो आणि हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांनी घडविलेल्या त्या संघातील नावे एकेक करून सांगू लागलो : कर्णधार समर बॅनर्जी, पी. के. बॅनर्जी, चौथा गोल करणारा किट्टू, केम्पय्या, नूर महंमद, निखिल नंदी…