दुकानातील चोरीचा आरोप आणि कायद्याची अर्धी सवलत

दुकानात मांडलेली वस्तू पैसे न देता उचलल्याचा आरोप फौजदारी कायद्याच्या मोजमापात अगदी किरकोळ ठरतो, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने त्याची शिक्षाही सौम्य केली आहे. संहितेच्या कलम ३०३ नुसार चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा असली, तरी चोरलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा द्यावी, असे त्याच कलमाचे परंतुक सांगते. सामुदायिक सेवा म्हणजे न्यायालयाने नेमून दिलेले, समाजाच्या उपयोगी पडणारे आणि मोबदला न घेता करायचे काम. शिवाय अशी चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरवण्यात आली आहे. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही, वॉरंटाशिवाय अटक करता येत नाही, आणि अटक झालीच तर जामीन हा आरोपीचा हक्क असतो. कायदेमंडळाने येथे दाखवलेली समज स्वागतार्ह आहे. परंतु ही सवलत प्रकरणाच्या मधल्या टप्प्यापुरतीच आहे. आरोप जिथे सुरू होतो ती दुकानामागची खोली आणि तो जिथे वर्षानुवर्षे रेंगाळतो तो चारित्र्य पडताळणीचा दाखला, ही दोन्ही टोके तिच्या कक्षेबाहेर राहिली आहेत, आणि माणसाचे मोठे नुकसान तिथेच होते.

पहिल्या टोकाला कायदा काय सांगतो हे ना ग्राहकाला ठाऊक असते, ना रक्षकाला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे खासगी व्यक्तीला दुसऱ्याला अटक करता येते, पण तिच्या डोळ्यांदेखत घडलेला गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असा दोन्ही असला तरच, आणि तेव्हाही विनाविलंब, फार तर सहा तासांत, पकडलेल्या माणसाला पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. पाच हजारांच्या आतली साधी चोरी आता या दोन्ही कसोट्यांना उतरत नाही. मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क वापरून सुरक्षारक्षक दुकानाची वस्तू परत मिळवू शकतो. मात्र वस्तू हाती आल्यानंतर ग्राहकाला मागच्या खोलीत बसवून ठेवणे, त्याची अंगझडती घेणे, मोबाइल काढून घेणे, त्याचे छायाचित्र भिंतीवर लावणे किंवा व्हॉट्सॲपवर फिरवणे, यांपैकी कशालाही या हक्काचा आधार मिळत नाही. बेकायदा कोंडून ठेवणे हा न्याय संहितेच्या कलम १२७ खाली आणि बदनामी हा कलम ३५६ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. स्त्रीची झडती स्त्रीनेच आणि सभ्यतेची पूर्ण बूज राखून घ्यावी, हे बंधन कायद्याने पोलिसांवरही घातले आहे, तेव्हा ज्याला मुळात झडतीचा अधिकारच नाही त्याने तिला हात लावण्याचे समर्थन होऊच शकत नाही. पोलिसांना बोलावण्याची आणि घरी कळवण्याची भीती घालून वस्तूच्या किमतीच्या अनेक पट रक्कम उकळणे तर खंडणीच्या व्याख्येत बसू शकते, कारण त्या व्याख्येतील ‘इजा’ या संज्ञेत लौकिकाला पोहोचणारी हानीही मोडते.

याच खोलीत बहुधा माफीनामा लिहून घेतला जातो, आणि पुढच्या साऱ्या प्रकरणाला तोच वळण लावतो. चोरीच्या व्याख्येत वस्तू दुकानाबाहेर जाण्याची अट नाही. लबाडीच्या हेतूने ती जागची हलवली तरी गुन्हा पूर्ण होतो, त्यामुळे सारा भार हेतूवर येऊन पडतो. मोठ्या स्वयंसेवा दुकानात ग्राहक वस्तू हाताळतो, पिशवीत ठेवतो, मुलाच्या हातातली बाटली ट्रॉलीत टाकतो, विसरतो. विस्मरणाचा आजार असलेले वृद्ध पैसे न देता दारापर्यंत येतात. या साऱ्या कृती बाहेरून चोरीसारख्याच दिसत असल्याने हेतूचा पुरावा मिळवणे अवघड असते, आणि नेमकी ती उणीव घाबरलेल्या माणसाच्या हातचा कागद भरून काढतो. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात ग्राह्य नसते, पण दुकानाच्या व्यवस्थापकापुढे दिलेल्या कबुलीला ते संरक्षण आपोआप मिळत नाही. न्यायालयाबाहेरील कबुली हा दुर्बळ पुरावा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे, तरी ती दुर्बळ ठरवून घेण्यासाठी खटला लढवावा लागतो. म्हणून सुटका व्हावी एवढ्यासाठी सही करणे हा आरोपीच्या दृष्टीने सर्वांत महागडा निर्णय असतो.

मधल्या टप्प्यातली सवलतही पोलीस ठाण्यात कोणते कलम लावले जाते यावर लटकलेली आहे, आणि या त्रुटीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. न्याय संहितेचे कलम ३०५ राहत्या घरातील, तसेच मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतील चोरीला सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगते. ते दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, आणि पाच हजारांचे परंतुक त्याला जोडलेले नाही. घरफोडीची भीती मनात ठेवून रचलेली ही तरतूद शब्दशः घेतली, तर दुकान म्हणजे मालमत्ता ठेवण्याची इमारतच ठरते, आणि तीनशे रुपयांच्या साबणासाठी सात वर्षांचे कलम लागू शकते. अशा वेळी खासगी अटकेचा अधिकार जागा होतो, जामीन हक्काचा राहत नाही, आणि साध्या चोरीचे प्रकरण मालाच्या मालकाशी तडजोड करून मिटवण्याची जी मुभा आहे तीही जाते. मग तडजोड झाली तरी गुन्हा रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालय गाठावे लागते. एवढा दिलासा आहे की सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक ही यांत्रिक कृती असता कामा नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावले आहे, त्यामुळे आरोपीने अटकेऐवजी पोलिसांच्या नोटिशीप्रमाणे हजर राहण्याचा आग्रह धरावा. परंतुकाचा उद्देश जपायचा असेल तर, गिऱ्हाइकांसाठी खुल्या असलेल्या वेळेत दुकानात घडलेल्या चोरीला कलम ३०३ च लागू व्हावे, असा अर्थ न्यायालयांनी लावणे योग्य ठरेल.

कॅमेऱ्यातील चित्रणाबाबत एवढेच नोंदवावे की भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राशिवाय त्याची प्रत पुराव्यात येत नाही. आधीच्या कायद्यातील अशाच तरतुदीची सक्ती जालना मतदारसंघाच्या निवडणूक वादातून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केली. चित्रण आरोपीच्या बाजूनेही बोलू शकते, आणि दुकाने ते ठरावीक काळाने पुसतात, म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी मागणी पहिल्या दिवसांतच करणे शहाणपणाचे असते.

प्रकरण संपवण्याच्या मार्गांत जे फरक आहेत, त्यांवर माणसाची पुढची वर्षे अवलंबून असतात. तडजोडीने मिटलेल्या गुन्ह्याचा परिणाम निर्दोष सुटकेसारखा असतो. याउलट पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करून सामुदायिक सेवा पत्करली, तर काम काही दिवसांचे असले तरी ती दोषसिद्धीच असते, आणि चोरी हा नैतिक अधःपतनाचा गुन्हा मानला जात असल्याने सरकारी नोकरी, बँक, शिक्षकी पेशा अशा ठिकाणी तिची सावली पडते. या दोहोंच्या मध्ये १९५८ च्या परिवीक्षा अधिनियमाचा मार्ग आहे. परिवीक्षा म्हणजे शिक्षा न सुनावता समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणे. या अधिनियमाच्या कलम ३ मध्ये चोरीचा, अगदी इमारतीतील चोरीचाही, नावानिशी समावेश आहे, आणि इतर कायद्यांत काहीही असले तरी ते लागू होते. कलम १२ तर सांगते की अशा रीतीने सोडलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता भोगावी लागणार नाही. दोषसिद्धी त्यामुळे पुसली जात नाही, पण दारे बंद होत नाहीत. नव्या परंतुकाला हे संरक्षण जोडलेले नाही, त्यामुळे नवी, उदार दिसणारी शिक्षा साठ वर्षांहून अधिक जुन्या समजेपेक्षा परिणामांत कठोर ठरते.

खटला नुसता प्रलंबित असला तरी पारपत्रासाठी न्यायालयाची परवानगी लागते, आणि नोकरीच्या अर्जात तो लपवणे मूळ आरोपापेक्षा घातक ठरू शकते. अवतार सिंग खटल्यात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किरकोळ गुन्ह्याची माहिती दडवल्यास नियोक्त्याला ती चूक दुर्लक्षित करण्याची मोकळीक दिली, पण निर्णय त्याच्या विवेकावर सोडला. अठरा वर्षांखालील मुलाला, ज्याला कायदा विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतो, २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने अपात्रतेपासून मुक्ती दिली आहे आणि त्याच्या नोंदी ठरावीक काळानंतर नष्ट करण्याची तरतूदही केली आहे. अठरा वर्षे नुकतीच पूर्ण झालेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच कृत्यासाठी अशी आपोआप मिळणारी मुक्ती उपलब्ध नाही. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्यानुसार ठरावीक काळानंतर किरकोळ दोषसिद्धी सामान्य नोकऱ्यांसाठी संपलेली मानली जाते, भारतात प्रौढांसाठी तसा सर्वसाधारण कायदा नाही. सामुदायिक सेवा पूर्ण करणाऱ्याला दोषसिद्धीची अपात्रता लागणार नाही, एवढे एक वाक्य कलम ३०३ च्या परंतुकाला जोडणे संसदेला अवघड नाही, आणि ते जोडले जाईपर्यंत तडजोडीचा किंवा परिवीक्षेचा प्रयत्न न करता पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करण्याचा सल्ला कोणत्याही वकिलाने अशा आरोपीला देऊ नये.