पदरी घेतलेले कासव

सहाराच्या दक्षिणेकडील रूक्ष प्रदेशातले सल्काटा कासव अमेरिकेत पुष्कळ लोक हौसेने पाळतात. पुढे ते ४० किलोंहून जड झाले की त्यांनाच ते नकोसे होते. असा टाकलेला जीव जो पदरी घेतो, त्याचे पहिले कर्तव्य कोणते? आमच्या मते, दूर राहून लक्ष ठेवणे. नव्या अंगणात ते काही दिवस लपून बसते, अन्नासही क्वचितच शिवते. तेव्हा ऊब, कोरडा निवारा, गवत व उथळ पाणी द्यावे; लाडाने फळे चारू नयेत, ती त्याच्या पोटास बाधतात. कुरवाळण्याचे सुख आपले, त्याचे नव्हे. शिवाय ते बहुधा आपल्यामागेही जगेल. त्याच्या पुढच्या पालकाची तजवीज आजच करणे, हीच खऱ्या ममतेची कसोटी होय.